चादरीआडची पाणीपुरी

"पाणीपुरी खावीशी वाटतेय हो," असं काकू भांडी पुसता पुसता म्हणाल्या, तेव्हा सूचनाकाका जिन्यात लावायची नवी सूचना लिहीत होते. 'लिफ्टमध्ये गुणगुणणाऱ्यांनी आपला मजला येताच थांबावे', अशी ती सूचना होती. काकांनी पेन खाली ठेवलं.

एरवी या वाक्यावर त्यांनी एक छोटं व्याख्यान दिलं असतं. रस्त्यावरचं खाणं या विषयावरची त्यांची मतं अख्ख्या इमारतीला पाठ होती. पाणी कुठलं, हात कुणाचा आणि त्या हाताने त्याआधी काय काय केलं असेल, याचा ते इतक्या तपशिलात विचार करत की ऐकणाऱ्याची भूक मरायची. पण त्या दिवशी व्याख्यान ओठांपर्यंत येऊन परत फिरलं. कारण कवळी बसवल्यापासून काकूंनी स्वतःहून काही खायला मागितल्याची ही पहिलीच वेळ होती.

कवळीची गोष्ट इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हती. ती दोघं, दंतवैद्य आणि परगावी असलेली लेक, एवढ्यांतच ती होती. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. काकूंच्या वाट्याला दोन्ही कामांना मिळून एकच जोडी आली होती आणि तिच्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. बोलताना सुटली तर? हसताना निसटली तर? म्हणून त्यांनी बोलणं कमी केलं, बाहेर जाणं बंद केलं आणि हसणं तर पार बासनात गुंडाळून ठेवलं. हसू आलंच तर आधी तोंडावर हात जायचा. पूर्वी काकू हसल्या की तळमजल्यावरचे कंपाउंडर "काय झालं, काय झालं?" करत वर यायचे. आता लेक फोनवर विचारायची, "बाबा, आई बरी आहे ना? एवढा मोठा विनोद सांगितला मी, तर नुसतं 'हं' म्हणाली." काका म्हणायचे, "विनोद बेताचाच होता." पण फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटायचं. ज्या माणसाने जन्मभर शांततेसाठी सूचना चिकटवल्या, त्याला आता ती शांतता खायला उठायची.

इमारतीने मात्र याचा भलताच अर्थ लावला होता. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीबाई दिवसभर मुलांना गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात इमारतीला बाकीचं सगळं शिकवत. त्यांनी जाहीर केलं की काकूंनी मौन धरलंय. "चेहऱ्यावर तेज बघा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून काकू जिन्यात दिसल्या की माणसं आवाज खाली आणत. एकदोघांनी तर वाकून नमस्कारही केला. काकू बिचाऱ्या ओठ घट्ट मिटून मान हलवत, आणि तेज आणखी वाढलं असं लोक म्हणत.

तर अशा काकूंनी पाणीपुरी मागितली होती. काका लगबगीने उठले, पिशवी घेतली आणि शहराच्या मधोमध जो शनिवारचा बाजार भरतो तिथे गेले. त्या मोकळ्या चौकाच्या एका अंगाला भेळ, पाणीपुरी, रगडा, दाबेली, डोसा अशा खाण्याच्या गाड्या ओळीने लागत. काकांनी नाकाला रुमाल लावून सगळ्यांत स्वच्छ दिसणारी पाणीपुरीवाली निवडली आणि म्हणाले, "बांधून द्या."

"बांधून?" बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते अंघोळ बांधून मागत होते. पण दिलं.

घरी पोहोचेपर्यंत पाण्याच्या पिशवीने तोंड उघडलं होतं आणि पुऱ्यांनी माना टाकल्या होत्या. काकूंनी तो सगळा प्रकार वाडग्यात घेतला, चमच्याने खाल्ला आणि म्हणाल्या, "बरं आहे."

"बरं आहे" याचा अर्थ लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला कळतो. काकांनी वाडग्यात डोकावून पाहिलं. मग काकूच म्हणाल्या, "तुम्ही आणलंत, तेच पुष्कळ. पण पाणीपुरी उभ्याने खायची असते हो. गाडीवालीने हातावर ठेवायची, आपण मोठा आ करायचा आणि तोंडातली संपायच्या आत तिने पुढची पुढे करायची. वाडग्यात बसली की तिचं पथ्य होतं."

"मग जाऊ ना आपण."

"एवढा आ सगळ्यांसमोर करू? आणि कवळी त्या बाईच्या पाण्यात पडली म्हणजे?" काकूंनी वाडगा उचलला. "कुणी बघणार नसेल तर येईन."

त्या हे काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या होत्या. पण काका ताठ बसले आणि म्हणाले, "कुणी बघणार नाही, अशी व्यवस्था मी करतो."

काकांनी आजवर जे जे बिघडवलं होतं, त्याची सुरुवात याच वाक्याने झाली होती. इमारतीच्या पाण्याच्या टाकीचीही त्यांनी अशीच व्यवस्था केली होती, आणि त्यानंतर बरेच दिवस सगळे जण कंपाउंडरांच्या नळावर रांग लावत होते. पण ते असो.

आधी त्यांनी दंतवैद्यांना फोन लावला. स्पष्ट विचारायची सोय नव्हती, म्हणून आडून विचारलं. "डॉक्टर, समजा, एखाद्या गृहस्थाच्या पत्नीला नवी कवळी बसवली आहे..."

"काका, काकूंना सांगा, कडक काही नको," डॉक्टर म्हणाले. "तिखट, आंबट नकोच. काही दिवस मऊ, भिजवलेलं खाऊ देत. फार सुंदर बसलीय, तिला जपायला हवं."

काकांनी फोन ठेवून विचार केला. पुरी कडक असते, हे खरं. पण ती पाण्यात बुडवून देतात, हेही तितकंच खरं. म्हणजे नियमाच्या भाषेत ती भिजवलेल्यांत मोडते. तिखट-आंबटाचं कलम त्यांनी तूर्तास बाजूला ठेवलं. नियमातून पळवाट शोधण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ, आणि त्यांना चोरट्यासारखं वाटण्याऐवजी चक्क तरतरीत वाटलं.

व्यवस्था अशी होती: कपडे वाळत घालायचा घडीचा उंच स्टँड घ्यायचा, त्यावर चादरी टाकायच्या, मध्ये हात जाईल एवढी फट ठेवायची आणि काकूंना आत स्टुलावर बसवायचं. बाहेरून पुरी आत जाईल, आत काय व्हायचं ते होईल आणि कुणाला दिसणार नाही. दुसऱ्या कुणी हा बेत केला असता तर सरळ जाऊन चादर टांगली असती. काकांना मात्र सार्वजनिक जागेत विनापरवाना चादर टांगण्याची कल्पनाही सोसवेना. ते बाजार-कचेरीत गेले.

कचेरी म्हणजे एका अरुंद जिन्यावरची खोली. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "आडोसा? कशासाठी?"

"आतल्या माणसाला बाहेरच्यांनी बघू नये म्हणून."

"आतला माणूस काय करणार?"

"खाणार."

"खायला आडोसा लागतो, हे नोकरीत पहिल्यांदा ऐकतोय," कारकून म्हणाला. "हे बघा, परवानगी तीनच कारणांनी मिळते. विक्री, प्रचार, प्रदर्शन. तुमचं कशात घालू?"

"विक्री नाही. प्रचार नाही."

"मग प्रदर्शन."

"अहो, प्रदर्शन होऊ नये म्हणून तर आडोसा हवाय!"

"ते तुमचं तुम्ही बघा. नुसतं नावापुरतं आहे. फक्त दर्शनी बाजूला ठळक पाटी लावा, तेवढी अट आहे."

आता दुसरा कुणी शहाणा असता तर 'हो हो' म्हणून खाली उतरला असता आणि पाटी विसरून गेला असता. पण अट ती अट. काकांनी त्या संध्याकाळी आपल्या वळणदार अक्षरात, लाल शाईने पाटी रंगवली: 'प्रदर्शन (परवानगीप्राप्त)'. खाली दुहेरी रेघ ओढली आणि जरा लांब धरून तिच्याकडे समाधानाने पाहिलं.

आता स्टँड. घरातला स्टँड गुडघ्याएवढा होता. इमारतीत उंच स्टँड एकच, शिकवणीबाईंकडे.

"नेताय कुठे?" शिकवणीबाईंनी विचारलं.

"जरा काम आहे. शनिवारी परत देतो."

तेवढ्यात काकांच्या काखेतली पाटी घसरून बाईंच्या पायाशी पडली, लाल अक्षरांची बाजू वर करून. बाईंनी वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर अवघड गणित सुटल्याचा आनंद पसरला. "अगं बाई! म्हणजे मौनात काकू चित्रं काढत होत्या!"

काका गडबडले. नाही म्हणावं तर खरं सांगावं लागणार. त्यांनी "तसं काही... अजून..." असं पुटपुटून पाटी उचलली. पुटपुटणं म्हणजे होकार, असं शिकवणीबाईंचं शास्त्र होतं. संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोहोचली आणि कंपाउंडरांनी वर येऊन सल्ला दिला, "चित्रांना भाव सांगू नका. आधी गिऱ्हाइकाला बोलू द्या."

शनिवार उजाडला. काकूंनी बऱ्याच दिवसांनी ठेवणीतली साडी नेसली. दारातून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "नक्की कुणी बघणार नाही ना?" काकांनी छातीवर हात ठेवला. त्या विश्वासाने निघाल्या. आज काही चुकलं तर ती पुन्हा उंबरठा ओलांडणार नाही, हे काकांना पक्कं कळत होतं.

बाजार रंगात आला होता. तव्यावर लोणी सुटलेलं, डोशाच्या कडा चुरचुरत होत्या, भेळवाला पातेल्यात डाव आपटत होता आणि चिंच-पुदिन्याचा वास असा सुटला होता की काकांचा रुमाल त्यांच्याही नकळत नाकावरून खाली आला. पाणीपुरीवाली स्टँड बघून म्हणाली, "आणि माझ्या गिऱ्हाइकांनी उभं कुठे राहायचं?" काकांनी परवानगी दाखवली. बाईने ती वाचली नाही, पण काकूंच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि गाडी जरा सरकवून घेतली.

स्टँड उभा राहिला. त्यावर मोरांच्या चादरी पडल्या, ठेवणीतल्याच, कारण चारचौघांत जायचं तर चादरही बरी हवी. काकू आत बसल्या. काकांनी दर्शनी बाजूला पाटी टांगली आणि पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

फटीतून एक हात बाहेर आला. बाईने त्यावर पुरी ठेवली. हात आत गेला. काका श्वास रोखून ऐकत होते. आतून एक कुरकुर झाली, मग सुर्र असा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा हात पुन्हा बाहेर आला होता आणि बोटं घाईघाईने पुढची मागत होती.

"तिखट वाढवू?" बाईने विचारलं. हाताने जोरात होकार दिला. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला तरी सांगावं म्हणून. आणि तेव्हा त्यांना दिसलं की सांगायला पुष्कळ माणसं उभी होती.

उघड्या बाजारात सगळं उघड असताना एकच वस्तू झाकलेली असेल, तर माणूस दुसरं काय बघणार? त्यात वर 'प्रदर्शन' अशी पाटी. माणसं रांगेने उभी राहिली होती. दर वेळी मोरांमधून हात बाहेर आला की "आला, आला!" असा गलका व्हायचा आणि पुरी आत गेली की टाळ्या पडायच्या.

"आत माणूस नाहीच," एक जण ठामपणे म्हणाला. "यंत्र आहे. पुरी फुटत नाही बघा."

"काही नाहीये, चला, पुढे चला," काका म्हणाले.

"काही नाही तर पाटी कशाला?" हा आवाज ओळखीचा होता. कंपाउंडर! त्यांच्यामागे शिकवणीबाई आणि त्यांच्यामागे जिन्यातली झाडून सगळी माणसं, चित्रं बघायला नटूनथटून आलेली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य काकांना स्वतःच्या आवाजात ऐकू आलं.

आणि एवढ्याने भागलं नाही. गाडीच्या दुसऱ्या बाजूला प्लेट हातात घेऊन, मान पुढे काढून, शर्टावर पाणी पडू नये म्हणून कमरेत वाकून दंतवैद्य उभे होते. कडक नको, तिखट नको, आंबट नको म्हणणारे दंतवैद्य! त्यांनी नुकतीच पुरी तोंडात टाकली होती. काकांना बघताच त्यांनी भुवया उंचावल्या आणि 'हे काय' अशा अर्थाने पाटीकडे बोट केलं.

नेमकं त्याच क्षणी कंपाउंडरांनी पाटी नीट वाचता यावी म्हणून स्टँडला हात टेकला. तो स्टँड घडीचा होता. त्याने आपली घडी केली.

मोर खाली बसले. स्टुलावर काकू उघड्यावर आल्या, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात तयार पुरी आणि तोंडात अख्खी पुरी, गाल फुगलेले. समोर दंतवैद्य, गाल फुगलेले. पाणीपुरी तोंडात असलेल्या माणसाला बोलता येत नाही, ती थुंकता येत नाही आणि घाईने गिळताही येत नाही. दोघं एकमेकांकडे डोळे फाडून बघत राहिले. काकूंचा हात सवयीने तोंडाकडे निघाला, पण त्यात पुरी होती. दुसऱ्यात प्लेट होती. तोंडावर ठेवायला तिसरा हात कुठून आणणार?

तेवढ्यात डॉक्टरांच्या हनुवटीवरून हिरव्या पाण्याचा एक ओघळ निघाला आणि टायवर थेंब थेंब पडू लागला.

काकूंनी कसाबसा घोट गिळला, आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग खांद्यांतून आणि मग तो जुना, कंपाउंडरांना वर आणणारा हसण्याचा गडगडाट झाला. तोंडात उरलेलं सगळं पाणी काकांच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. काकू मान मागे टाकून, मोठा आ करून, अख्ख्या बाजारासमोर हसत होत्या, आणि त्यांचे दात संध्याकाळच्या उन्हात चमकत होते.

डॉक्टरांनी पुरी गिळली आणि ओरडले, "हलली नाही! बघितलंत? कवळी जागची हलली नाही! माझ्या हातची आहे!"

काकांना वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं. ते हात पसरून काकूंपुढे आडवे उभे राहिले, जणू त्या लहानशा शर्टाआड काकू सगळ्या इमारतीपासून झाकल्या जाणार होत्या.

"एवढंच होय?" कंपाउंडर म्हणाले. "माझी वरची पूर्ण आहे. 'गॅलरीत उभं राहून चुळा भरू नयेत' ही सूचना तुम्ही मलाच तर लावली होती. मी काय तिथे नुसतं तोंड धूत होतो?"

"म्हणजे चित्रं नाहीत?" शिकवणीबाईंचा चेहरा पडला. "आणि मौन?"

"कसलं मौन हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "लाज वाटायची तोंड उघडायची. म्हणून गप्प होते."

शिकवणीबाईंनी पुढे येऊन काकूंचा खांदा धरला. "आणि मी तुमचं मौन मोडू नये म्हणून रोज तुमच्या दारावरून पाय न वाजवता जात होते! किती बोलायचं साठलंय माझं." आणि त्यांनी ते तिथल्या तिथे बोलायला घेतलं. पाणीपुरीवाली म्हणाली, "बोलायचं तर बाजूला. खायचं तर पुढची घ्या."

मग कुणाला थांबवणार? चादर जमिनीवर पडलीच होती, तिच्यावरच सगळे बसले. काकूंनी भेळ खाल्ली, रगडा खाल्ला, दाबेलीचा अर्धा घास शिकवणीबाईंना दिला. डॉक्टर म्हणाले, "मी आपलं म्हणालो होतो, एवढं मनावर घ्यायचं नसतं." त्यांनी टाय काढून खिशात कोंबला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. बाजाराचा शिपाई येऊन विचारून गेला, "प्रदर्शन संपलं का?" काकूच म्हणाल्या, "नाही, आताच सुरू झालंय."

शेवटी पाणीपुरीवालीने रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला एक सुकी पुरी दिली. काकांच्या हाती तिने पाण्याने भरलेली ठेवली. "तुम्ही एकही खाल्ली नाहीत," ती म्हणाली.

काकांनी आजूबाजूला चमचा शोधला.

"अहो, आ करा," काकू म्हणाल्या.

काकांनी आ केला, पण सभ्य माणसासारखा, अर्धाच. पुरी दारात अडकली आणि फुटली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून शर्टात, आणि शर्टावर आधीच असलेल्या डागाला एक मोठं शेपूट फुटलं. तोंडात गेलं ते मात्र इतकं झणझणीत, आंबट आणि थंडगार होतं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळे हसले. काकू सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

घरी जाताना रस्त्यातही त्या थांबत होत्या, काकांच्या शर्टाकडे बघत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. हात दोन्ही मोकळे होते, चादरीची गुंडाळी काकांच्या काखेत होती, पण एकही हात तोंडाकडे गेला नाही. जिन्यात पोहोचल्यावर फोन वाजला. लेक होती. "बाबा, मागे कोण एवढं हसतंय?"

"तुझी आई," काका म्हणाले. आणि त्यांनी फोन काकूंच्या दिशेने धरला.

त्यांनी डाग पुसायला खिशातून रुमाल काढला. मग काकूंकडे बघितलं, आणि रुमालाची घडी करून तो परत खिशात ठेवला.